निकाल लागला, पुढे काय?
(द्वितीय वर्ष, कला)

न्यायालयाने अन्याय मान्य केला की तो संपतो, असा आपला समज असतो. अमेरिकेतील शाळांचा इतिहास वाचल्यावर माझा हा समज पार बदलला.

१७ मे १९५४ रोजी ‘ब्राउन’ खटल्यात तेथील सर्वोच्च न्यायालयाने एकमताने निर्णय दिला की, वर्णावरून वेगळ्या सरकारी शाळा घटनाबाह्य आहेत. पण अंमलबजावणी कधी? १९५५ च्या पुढील निकालात मुदतच नव्हती; विचारपूर्वक त्वरा करावी, एवढेच म्हटले होते. त्यातून पळवाटा निघाल्या. व्हर्जिनियातील प्रिन्स एडवर्ड काउंटीने तर १९५९ साली सरकारी शाळांनाच कुलूप ठोकले. गोऱ्या मुलांसाठी खासगी शाळा निघाली. कृष्णवर्णीय मुलांना मात्र १९६४ पर्यंत सरकारी शाळा नव्हती. ती पाच वर्षे कोणता निकाल परत देणार?

१९७१ साली शार्लट शहराच्या खटल्यात, मुलांना बसने दूरच्या शाळेत नेण्याच्या उपायास न्यायालयाने मान्यता दिली. १९७४ मध्ये बॉस्टनमध्ये अशा बसगाड्यांवर दगड पडले. लहान मुलांना इतक्या दूर का पाठवता, असे विरोधक विचारत. मी रोज एस. टी.ने बावीस किलोमीटर येतो. प्रवासाचा शीण मला ठाऊक आहे. परंतु टोपेका शहरातील लिंडा ब्राउन या मुलीला जवळची गोऱ्यांची शाळा असून दूरच्या शाळेत जावे लागे, तेव्हा या मंडळींना अंतर दिसले नव्हते!

त्याच १९७४ मध्ये डेट्रॉइटच्या खटल्यात ५ विरुद्ध ४ मतांनी ठरले की, उपनगरांचा दोष सिद्ध झाल्याखेरीज त्यांना या योजनेत ओढता येणार नाही. गोरी कुटुंबे तर उपनगरांत निघून चालली होती. मग शहरात कोणी कोणाबरोबर शिकायचे? ‘ब्राउन’ खटला लढवणारे थर्गुड मार्शल आता न्यायमूर्ती होते. त्यांनी विरोधी मत नोंदवले. माझ्या मते दगडांनी झाले नाही तेवढे नुकसान या हद्दीच्या रेषेने केले.

मग न्यायालयाचे आदेश व्यर्थ का? मुळीच नाही. आपली घटना १९५० साली लागू झाली. त्यानंतर माझे आजोबा शाळेत गेले, तरी वर्गाच्या दाराबाहेर पोत्यावर बसले. आज त्यांचा नातू घरातला पहिला कॉलेजविद्यार्थी म्हणून वर्गात बसतो. कायद्याशिवाय हे घडले नसते. पण मधल्या काळात आजोबांचे शिक्षण चौथीतच संपले.

म्हणून मला वाटते, न्यायाला मुदत हवी आणि पळवाटेवर पहारा हवा. मुलांचे वय निकालासाठी थांबत नाही.