टोपली गेली, हातगाडी आली. हात मात्र तेच राहिले

१९५० च्या सुमाराची कोणतीही नगरपालिका घ्या. देवीची लस, दवाखाना, प्रसूतिगृह, नळाचे पाणी ही तिच्या आरोग्य खात्याची कामे म्हणून सांगितली जातात. पण बहुतेक गावांत भुयारी गटार नव्हते. घरोघरी टोपलीचे संडास होते आणि पहाटे तो मैला डोक्यावरून वाहून नेणारी माणसे एकाच जातीसमूहातली होती. त्यांनी आठ दिवस काम थांबवले असते, तर दवाखाने अपुरे पडले असते. मग सार्वजनिक आरोग्य कोण सांभाळत होते?

हे व्यवस्थेला पक्के ठाऊक होते. म्हणूनच कायदा मालकाच्या बाजूने होता. संयुक्त प्रांताच्या १९१६ च्या नगरपालिका कायद्यात वहिवाटीच्या सफाईवाल्याने काम नीट केले नाही, तर त्याला दहा रुपयांपर्यंत दंड होता. बाबासाहेबांनी आपल्या लेखनात हा कायदा मुद्दाम उघडा पाडला. जातीने लादलेले काम नाकारणे हाच गुन्हा! याला सेवा म्हणायचे की वेठबिगार?

१९४६ च्या भोर समितीने पैसे नाहीत म्हणून कोणीही उपचाराविना राहू नये, असे तत्त्व मांडले. १९४८ चा कर्मचारी राज्य विमा कायदा आला. त्याची पूर्वतयारी बाबासाहेब व्हाइसरॉयच्या मंडळात मजूर खात्याचे सदस्य असताना झाली होती. पण तो कायदा सुरुवातीला यंत्रशक्तीवर चालणाऱ्या कारखान्यांपुरता होता. गावाची घाण उपसून सर्वाधिक रोगराईला तोंड देणारा कामगार त्या विम्याच्या बाहेर राहिला.

त्याच्या वाट्याला हक्क नाही, ‘कल्याण’ आले. मुंबई सरकारने १९४९ मध्ये बर्वे समिती नेमली. डोक्यावरून मैला वाहणे बंद करून हातगाड्या द्याव्यात, असे तिने सुचवले. केंद्राने १९५५ मध्ये तिच्या मुख्य शिफारशी राज्यांना पाठवल्या. पुढे मलकानी समितीनेही १९६० च्या अहवालात हीच दुर्दशा मांडली. डोक्यावरचा भार उतरणे ही लहान गोष्ट नाही, हे मान्यच करावे लागेल. पण हातगाडी याच जातीने का ढकलायची, या प्रश्नाला अवजार बदलून उत्तर मिळत नाही.

बाबासाहेबांचा मार्ग वेगळा होता. त्यांनी १९३५ मध्ये मुंबईत म्युनिसिपल कामगार संघ उभा केला. काम करणाऱ्याला संघटना आणि संपाचा हक्क, त्याच्या मुलांना शिक्षण आणि त्या धंद्यातून बाहेर पडण्याची वाट, असा तो विचार होता. कामाला पवित्र म्हणून गौरवणे आणि माणसाला तिथेच ठेवणे त्यांना मान्य नव्हते.

आज चित्र किती बदलले? १९९३ आणि २०१३ असे दोन कायदे झाले. गटारात मरण पावलेल्यांच्या कुटुंबाला दहा लाख रुपये द्या, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये सांगितले आणि २०२३ मध्ये ती रक्कम तीस लाख केली. म्हणजे मृत्यू थांबलेले नाहीत, भरपाई वाढली आहे. दुसरीकडे कायम जागा कमी करून ठेकेदार आणले जात आहेत. लाड-पागे समितीच्या शिफारशींमुळे मिळणारी वारसा हक्काची नोकरी अनेक घरांचा एकमेव आधार आहे. ती सोडा, असे त्या घरांना सांगण्याचा अधिकार आपल्याला नाही. पण पदवीधर मुलाच्याही हाती झाडूच येणार असेल, तर त्याच्या शिक्षणाप्रमाणे पद मागणे हे आपले काम आहे.

मित्रांनो, आपापल्या नगरपालिकेत माहिती अधिकाराचा अर्ज टाका. ठेक्यावर किती सफाई कामगार आहेत? त्यांचा भविष्य निर्वाह निधी भरला जातो का? किमान वेतन मिळते का? शेवटची आरोग्य तपासणी कधी झाली? उत्तरे घेऊन कामगारांच्या वस्तीत बसा आणि संघटना बांधा. जयंतीच्या मिरवणुकीनंतर रस्ता कोण झाडतो, हेही एकदा पाहा. तो आपलाच माणूस आहे.

जय भीम!