घडणावळ वजा जाता

हुपरीसारख्या गावात, जिथे पहाटेपासून दिवेलागणीपर्यंत घरोघरी हातोडीची टकटक चालते आणि पैंजण, तोडे, वाळे, करदोडे किलोच्या हिशेबाने घडतात, तिथे चाळीस वर्षे चांदीच्या पेढीवर दिवाणजी म्हणून जमाखर्च लिहिलेल्या माणसाला जुन्या वस्तूंविषयी एक विशिष्ट दृष्टी आपोआपच प्राप्त होते. आजीच्या पायांतले झिजलेले तोडे मोडीत घालायला आलेल्या गिऱ्हाइकाच्या चेहऱ्यावर संकोच असतो. पेढीवरचा माणूस मात्र तोड्यांचे वय कधी विचारीत नाही. तो टंच पाहतो, डाग तराजूत टाकतो, घडणावळ हिशेबात धरीत नाही आणि उरल्या चांदीचा भाव रोख मोजतो. कारण झिजते ती नक्षी, बुडते ती कारागिराची मजुरी, आणि चांदी जेवढी उरली असेल तेवढी पुरी चांदीच असते.

2023 च्या दिवाळीनंतर आमच्या घरी आलेल्या आक्काची कैफियत मला याच पद्धतीने मांडणे प्राप्त आहे. आक्का ही भाटी आहे. रंगाने काळी-तांबडी, उजव्या कानाला खाच, वरच्या जबड्यात दोनच दात. 2019 च्या ऑगस्टात पंचगंगेने राजाराम बंधाऱ्यापाशी 43 फुटांची धोक्याची रेषा मागे टाकून 55 फुटांच्याही वर मजल मारली, तेव्हा नदीकाठच्या एका गावी कौलांवर अडकलेले हे जनावर बोटीतून काढण्यात आले. घरमालकांचा शोध लागला नाही, किंवा लागला तरी त्यांनी मांजराची ओळख दिली नाही. दातांवरून आणि डोळ्यांतल्या भिंगाच्या धूसरपणावरून डॉक्टरांनी तेव्हाच तिचे वय आठाच्या आसपास ठरवले होते. पुढची चार वर्षे कोल्हापुरातल्या काही तरुण मुलामुलींनी तिला आळीपाळीने आपापल्या खोल्यांत सांभाळले. तिच्यासोबतची आणि तिच्या मागून आलेली पिल्ले एकेक करून घरोघरी गेली, आणि ही मात्र मोडीच्या डब्यातल्या बिनजोडीच्या वाळ्यासारखी मागे राहिली. पिल्लाला घर मिळते ते त्याच्या घडणावळीवर. चार वर्षांनी नक्षी उतरल्यावर पाहणाऱ्याची नजरही उतरते.

तिला पिशवीतून आणताना शेजारच्या कारखान्यातला आटणीवरचा पोरगा दारात उभा राहून म्हणाला, "दिवाणजी, म्हातारं मांजर कशाला आणलंसा? उंदीर तरी धरंल का ते?" मी उत्तर जुळवीत होतो, तोवर आतून आमच्या घरचा आवाज आला, "आमचे हे तरी कुठे धरतात?" या एका वाक्याने आक्काचा या घरातला मुक्काम कायम झाला.

तिच्या कागदांत एक तपासणीचा दाखला होता, त्यात क्रिएटिनिनचा आकडा 3.4 लिहिला होता. मांजरांच्या मूत्रपिंडविकाराच्या चार पायऱ्या मानतात. ती तिसरीवर उभी होती. या विकाराचे स्वरूप डॉक्टरांनी समजावले, तेव्हा मला ते एखाद्या बुडणाऱ्या पेढीच्या वहीसारखे वाटले. मांजराचे मूळ कूळ रुक्ष, वाळवंटी प्रदेशांतले. पाणी थोडे प्यावे, शिकारीच्या रक्तमांसातूनच ते मिळवावे आणि मूत्र शक्य तितके घट्ट करून एकेक थेंब राखावा, हा त्याच्या देहाचा हजारो वर्षांचा शिरस्ता. उतारवयात तीच काटकसर करणारी यंत्रणा झिजते, आणि झिजतानाही तक्रार करीत नाही. साधारणतः दोन-तृतीयांश भांडवल खर्ची पडल्यावरच मालकाच्या लक्षात येते की, जनावर वारंवार पाण्याच्या भांड्याशी जाते आहे आणि वजन उतरते आहे. गेलेले भांडवल परत येत नाही. उरलेले किती दिवस पुरवायचे, एवढीच तजवीज हाती राहते.

त्या तजविजीचा मुख्य भाग सलाईन. एक दिवसाआड शंभर मिलिलिटर रिंगर लॅक्टेटचे पाणी तिच्या कातडीखाली सोडायचे असते. जिथे माझा कोट टांगलेला असे त्या खुंटीवर आता बाटली लटकते; मी दोन खांद्यांमधली सैल कातडी चिमटीत उचलून तंबू करतो, आमच्या घरच्या तिचे डोके मांडीत धरतात, आणि सुई आत गेल्यावर पाण्याचा एक फुगा तिच्या पाठीवर उभा राहतो, तो हळूहळू घरंगळत एका पुढच्या पायाकडे उतरतो व काही तासांत जिरून जातो. पहिल्या खेपेस माझा हात इतका थरथरत होता की, सुई एका बाजूने शिरून दुसऱ्या बाजूने बाहेर आली आणि निम्मे सलाईन माझ्या धोतरावर सांडले. आता पाच मिनिटांत काम उरकते. आक्का तेवढा वेळ एखाद्या मामलेदाराने अर्जदाराचे ऐकावे तसे तोंड करून बसते.

अन्नाचे प्रकरण सलाईनपेक्षा अवघड ठरले. तिला फॉस्फरस कमी असलेले खास खाद्य कोल्हापुरातून आणावे लागते, आणि ते तिला मनापासून नापसंत आहे. त्यातच हा जिल्हा गोकुळ दुधाचा. येणारीजाणारी प्रत्येक माउली वाटीभर दूध घेऊन येते, आणि ते नाकारताना आम्ही कंजूष ठरतो. दुधात फॉस्फरस असतो, आणि वयात आलेल्या बहुतेक मांजरांना दुधातली साखरही पचत नाही, हे सांगितले तर ऐकणाऱ्याच्या चेहऱ्यावर जो अविश्वास उमटतो, तो मी चाळीस वर्षांत टंच कमी निघालेल्या गिऱ्हाइकाच्याच चेहऱ्यावर पाहिला आहे.

गेल्या वर्षी माघात एका सकाळी आक्का सरळ भिंतीवर जाऊन आदळली. तिच्या दोन्ही बाहुल्या टपोऱ्या होऊन स्थिर झाल्या होत्या आणि उजेडात धरले तरी आकसत नव्हत्या. पहिल्यांदा ज्यांना दाखवले त्यांनी, आता हिला कशाला त्रास देता, एवढाच सल्ला दिला. कोल्हापूरच्या डॉक्टरांनी मात्र तिच्या पुढच्या पायाला बोटभर रुंदीचा पट्टा बांधून रक्तदाब मोजला. मूत्रपिंड बिघडले की दाब चढतो, दाब चढला की नेत्रपटल मागच्या भिंतीपासून सुटते, आणि माणसाला जे वर्षानुवर्षांत घडते ते मांजराला एका रात्रीत घडू शकते. दृष्टी परत आली नाही. दाबावर गोळी मिळाली, अ‍ॅम्लोडिपिन. तिचे नाव वाचून मी खिशातली माझी पट्टी काढून पाहिली, तर तेच औषध. मी पाच मिलिग्रॅमची अखंड घेतो, आक्का अडीचचा चतकोर. सकाळी आठाला आम्ही दोघे एकाच पाटावर बसून ती गिळतो. (यावरून कोणी आपल्या डब्यातली औषधे मांजराला देण्याचे धाडस करू नये. आपण तापावर सर्रास घेतो ती पॅरासिटामॉलची गोळी मांजराचे यकृत पचवू शकत नाही, आणि एका गोळीने त्याचा प्राण जाऊ शकतो.)

मांजराच्या गळ्यात घंटा कोणी बांधावी, हा प्रश्न जगाने पिढ्यानुपिढ्या उंदरांवर सोपवला आहे. घुंगरांचे ढीग ज्या गावात पोत्यांनी जातात, तिथे तो आम्हांला उलट्या बाजूने सुटला. आंधळी झाल्यावर आक्का कोणीही जवळून गेले की दचके, फिस्कारे, कोपऱ्यात दडे. फक्त आमच्या घरच्या आल्या तर शांत राही. आठ दिवसांनी उलगडा झाला की, त्यांच्या पायांत पैंजण आहेत. तेव्हा मी पेढीवर गेलो, बारीक रव्याची पाच घुंगरे मागून घेतली आणि काळ्या दोऱ्यात ओवून स्वतःच्या उजव्या पायाला बांधली. साठी उलटलेला माणूस घरात छुमछुमत हिंडतो याची गावात पुरेशी चर्चा झाली आहे. पण मी ओसरीवरून माजघरात आलो की आक्का मान उचलते, आवाजाच्या दिशेने अचूक वळते आणि पुन्हा मान टेकते.

आपल्याकडे मांजर हे सटवाईचे वाहन. ते मारले तर काशीला सोन्याचे मांजर अर्पण करावे लागते, असा धाक पूर्वापार आहे. या धाकाने मांजरांचे मारणे थांबले, हे कबूल केले पाहिजे. परंतु लोकांनी त्यातून एक पळवाट काढली: पोत्यात घालून शिवेपलीकडे नेऊन सोडणे. हत्येचे पाप लागत नाही आणि सोन्याचा खर्चही वाचतो. उसाच्या फडात ते म्हातारे जनावर पुढे कसे मरते, ते पाहायला कोणी थांबत नाही. कायद्याने हेही पाप धरले आहे. 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक अधिनियमाच्या अकराव्या कलमात, भुकेने वा तहानेने तळमळेल अशा अवस्थेत जनावर सोडून देणे हा गुन्हा म्हटला आहे, आणि पहिल्या गुन्ह्याला दंड दहा ते पन्नास रुपये. काशीचा भाव त्या मानाने पुष्कळच चढा होता.

मार्जार या शब्दाच्या मुळाशी मृज् धातू आहे. पुसणे, स्वच्छ करणे हा त्याचा अर्थ, आणि सतत अंग चाटून निर्मळ राहणाऱ्या प्राण्याला तो शोभतोही. आक्काने हल्ली ते सोडले आहे. दुखणाइतपणात मांजर अंग चाटणे टाकते, केस राठ होतात, गुंतून गाठी पडतात. आमच्या घरच्या रोज दुपारी ओल्या फडक्याने तिला पुसतात व मऊ दातांच्या फणीने विंचरतात; रिठ्याच्या पाण्यातून काढून कुंचल्याने डाग उजळावा तेवढ्या सावकाश.

हे सारे प्रत्येकाने करावे असे मी म्हणणार नाही. सलाईन आणि गोळ्या स्वस्त पडतात, तपासण्या आणि खाद्य पडत नाही; शिवाय आक्का आल्यापासून आम्ही दोघे मिळून पुण्याला लेकीकडे गेलेलो नाही, एक जातो तेव्हा दुसरा घरी असतो. ज्यांना हे जमण्यासारखे नाही त्यांनी पिल्लूच न्यावे. ज्यांचे पाय आता घरातच असतात, आणि ज्यांच्या खिशात दाबाच्या गोळ्यांची पट्टी आधीपासून आहे, त्यांनी मात्र मांजर आणायला गेल्यावर सर्वांत मागच्या पिंजऱ्याकडे एकवार पाहावे.

दर रविवारी सकाळी मी तिला पेढीवर नेतो. वजनावर नजर ठेवा, असा डॉक्टरांचा हुकूम आहे, आणि ग्रॅमपर्यंत चोख तराजू या गावात दुसरीकडे कशाला शोधायचा! मालक आधी चांदी उचलून घेतात, मी टोपलीत पंचा अंथरून आक्काला बसवतो, टोपली वजा करतो आणि आकडा जुन्या सवयीने तारखेसह वहीत चढवतो. आली त्या आठवड्यात ती 3 किलो 140 ग्रॅम होती. या रविवारी 2 किलो 980 भरली. मागल्या रविवारपेक्षा 20 ग्रॅम जास्त.