पालकांच्या वाट्याचा एक टक्का

अमेरिकेच्या शालेय शिक्षणाच्या केंद्रीय कायद्यात एक लहानसं उपकलम आहे. गरीब वस्तीतल्या शाळेने केंद्राच्या पैशातून वर्षभर काय करायचं याचा आराखडा तयार केला आणि तो तिथल्या पालकांना पटला नाही, तर पालकांचं म्हणणं शाळेने आराखड्यासोबतच वरच्या कार्यालयाला पाठवायचं. ‘सूचना ऐकून घेतल्या’ असा शेरा मारून ते कपाटात ठेवता येत नाही. मला हे उपकलम त्या सबंध कायद्यात फार मोलाचं वाटतं. गरीब मुलाच्या आईवडिलांना ‘हे आम्हाला मान्य नाही’ असं म्हणायचं असू शकतं, ही शक्यता तिथे कायद्यानेच धरलेली आहे.

हा पैसा ‘टायटल वन’ या नावाने ओळखला जातो. गरीब घरांतली मुलं जिथे जास्त, तिथे तो जातो. वर्षाला सुमारे १,८०० कोटी डॉलर. शाळेतली किमान ४० टक्के मुलं गरीब कुटुंबांतली असतील तर साधारणपणे तो सगळ्या शाळेसाठी वापरता येतो, नाहीतर मागे पडलेल्या मुलांपुरताच. जादा शिक्षक, वाचनाचे तास, उन्हाळी वर्ग असे खर्च त्यातून भागतात. अमेरिकेत शाळांचा बहुतेक पैसा राज्याच्या आणि स्थानिक करांतून येतो आणि स्थानिक करांत मालमत्ता कराचा वाटा मोठा. म्हणजे घरं महाग तिथे शाळाही सधन. तिथे राहणाऱ्या अनेक मराठी कुटुंबांना शाळेची पालक-शिक्षक संघटना, तिचे निधी गोळा करायचे कार्यक्रम, हे सगळं परिचयाचं असतं. टायटल वनच्या शाळेतल्या पालकाला देणगीची पावती फाडणं शक्य नसतं. त्याचा शाळेशी संबंध दुसऱ्याच पायावर उभा करावा लागतो.

११ एप्रिल १९६५ रोजी अध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी या शिक्षण कायद्यावर सही केली ती टेक्सासमध्ये, लहानपणी ते ज्या एका खोलीच्या शाळेत गेले तिच्यासमोर. शेजारी त्यांच्या पहिल्या शिक्षिका केट डेड्रिक लोनी बसल्या होत्या. ऐन विशीत, १९२८ मध्ये, जॉन्सन दक्षिण टेक्सासमधल्या कोटुला गावी मेक्सिकन कुटुंबांतल्या मुलांना शिकवत होते. मुलं अनेकदा उपाशीपोटी यायची, त्यांतल्या फार थोड्यांना इंग्रजी येई आणि मास्तरांना स्पॅनिश बेताचंच. अध्यक्ष झाल्यावर संसदेपुढे त्यांनी ही आठवण सांगितली होती. एवढं जवळून पाहिलेल्या माणसाच्या कायद्यातही आईवडिलांना मुळात जवळजवळ जागा नव्हती. पैसा शाळांना दिला की तो गरीब मुलांपर्यंत जाईल, असं धरून चाललं होतं.

तसं झालं नाही. १९६९ मध्ये रूबी मार्टिन आणि फिलिस मॅक्लुअर या दोघींनी केंद्राच्याच लेखापरीक्षणांच्या आधारे एक अहवाल तयार केला. गरीब मुलांच्या नावाने आलेला पैसा शाळांच्या सर्वसाधारण खर्चात मुरत होता, जी मुलं गरीब नव्हती त्यांच्यावरही खर्च होत होता, आणि दक्षिणेत तर काळ्या मुलांना वेगळ्याच शाळांत ठेवण्याच्या कामी येत होता. ज्यांच्या मुलांसाठी तो आला त्यांना याची खबर नव्हती. पालकांना खर्चाच्या निर्णयात बसवण्याची मागणी जोरात पुढे आली ती या संतापातून. पालकांच्या सहभागावर बोलताना आज सगळे मुलाच्या गृहपाठाबद्दल बोलतात. या मागणीची सुरुवात मात्र हिशेबापासून झाली, आणि ते विसरलं की सगळीच चर्चा भरकटते असं माझं मत आहे.

पालकांच्या हाती खरोखर पैसा गेला तर काय होतं, हे मिसिसिपीने त्याआधीच दाखवलं होतं. १९६५ च्या उन्हाळ्यात ‘हेड स्टार्ट’ या केंद्रीय योजनेखाली तिथल्या एका संस्थेने राज्यभर बालवाड्या उघडल्या. ‘चाइल्ड डेव्हलपमेंट ग्रुप ऑफ मिसिसिपी’ हे तिचं नाव. पहिल्याच उन्हाळ्यात सुमारे सहा हजार मुलं आली. गोऱ्यांच्या घरी धुणीभांडी करणाऱ्या, कापसाच्या शेतात राबणाऱ्या काळ्या आया तिथे बाई म्हणून वर्गात उभ्या राहिल्या, समित्यांवर बसल्या, स्वयंपाकघरापासून जागेच्या भाड्यापर्यंतचे निर्णय घेऊ लागल्या. त्यांना मिळणारा पगार गोऱ्या मालकाच्या मर्जीवर नव्हता. मिसिसिपीचे सिनेटर जॉन स्टेनिस या संस्थेच्या मागे लागले. हिशेबातल्या त्रुटी हे कारण पुढे केलं गेलं आणि पुढच्या वर्षी तिचा निधी अडवला गेला. त्रुटी असतीलही. पण संस्थेवरचा राग त्रुटींच्या मानाने फार मोठा होता. पैसा प्रस्थापितांच्या हातून न जाता थेट आयांच्या समित्यांकडे जात होता, हे त्यांना सहन झालं नाही. हेड स्टार्टमध्ये मात्र एक गोष्ट टिकली. आजही तिथल्या धोरण परिषदेत बहुमत चालू मुलांच्या पालकांचंच असावं लागतं.

शाळांच्या बाबतीत इतकी मजल कधीच गेली नाही. १९७४ च्या दुरुस्तीने टायटल वनच्या प्रत्येक शालेय जिल्ह्यात आणि शाळेत पालकांची सल्लागार समिती सक्तीची केली. १९७८ मध्ये तिच्या रचनेचे आणि प्रशिक्षणाचे नियम आणखी स्पष्ट झाले. तीनच वर्षांत रोनाल्ड रेगन यांच्या काळात, १९८१ मध्ये, नियमांचं ओझं कमी करायचं म्हणून कायदा सुटसुटीत केला गेला. पैसा चालू राहिला. समितीची सक्ती गेली आणि तिच्या जागी पालकांशी सल्लामसलत करा एवढं वाक्य उरलं. सल्ला घेतला की नाही हे कोण कसं तपासणार?

१९८८ नंतर पालक हळूहळू कायद्यात परतले. १९९४ मध्ये शाळा आणि पालक यांच्यातला लेखी करार आला आणि पाच लाख डॉलरांहून जास्त निधी मिळणाऱ्या जिल्ह्याने किमान एक टक्का रक्कम पालकांच्या सहभागासाठी राखून ठेवण्याची अटही आली. २०१५ च्या कायद्यात ही अट कायम आहे. त्या एका टक्क्यातला ९० टक्के भाग शाळांकडे जायला हवा, गरजू शाळांना आधी, आणि तो कशावर खर्चायचा हे ठरवताना पालक हजर हवेत.

एखाद्या जिल्ह्याला एक कोटी डॉलर मिळाले असं धरा. एक टक्का म्हणजे एक लाख. शाळांच्या वाट्याला नव्वद हजार. वीस शाळा असतील तर सरासरी साडेचार हजार डॉलर, सबंध वर्षासाठी. रक्कम लहान आहे, पण तेवढ्यात संध्याकाळच्या काही बैठकांना दुभाषा बसवता येतो, बैठक चालू असताना लहान भावंडं सांभाळायला कोणी ठेवता येतं, बसभाडं देता येतं. कायदा या खर्चांची मुभा देतो. बैठका सकाळी किंवा संध्याकाळी, पालकांना जमेल तशा घ्या असंही सांगतो. तेवढ्याच पैशात रंगीत माहितीपत्रकंही छापून होतात. वर्षातून एकदा टायटल वनची सभा सक्तीची आहे. ती अनेक शाळांत सत्राच्या सुरुवातीच्या स्वागताच्या संध्याकाळी उरकली जाते. हॉटेलात खोल्या साफ करणारी, रात्रपाळी करणारी आई त्या गर्दीत कराराच्या कागदावर सही करते आणि घरी जाते. आराखडा तिने पाहिलेला नसतो. आक्षेप जोडता येतो हे तिला कोणी सांगितलेलं नसतं.

असं असूनही काही ठिकाणी फार चांगलं काम उभं राहिलं. १९९८ मध्ये कॅलिफोर्नियातल्या सॅक्रामेंटोत गरीब वस्तीतल्या पालकांनी स्थानिक संघटनेच्या मदतीने शाळांना एक प्रश्न विचारला: आम्हीच दर वेळी तुमच्या दारात का यायचं? शाळा प्रशासन आणि शिक्षक संघटना यांना सोबत घेऊन त्यांनी गृहभेटींची पद्धत बसवली. शिक्षक जोडीने जातात, आधी विचारून जातात, त्या वेळेचा मोबदला त्यांना मिळतो. फक्त अडचणीतल्या मुलांच्या घरी जायचं नाही, नाहीतर भेट म्हणजे तक्रार असं होऊन बसतं. पहिल्या भेटीत गुणांचा विषय काढायचा नाही. मुलाबद्दल तुमच्या मनात काय आहे, त्याने काय व्हावं असं वाटतं, हे विचारायचं आणि ऐकायचं. ही पद्धत पुढे देशातल्या अनेक राज्यांत गेली. शिक्षकाला मोबदला देण्याची अट मला फार महत्त्वाची वाटते. पदरमोड करून, सुट्टीच्या दिवशी, केवळ तळमळीवर चालणारा उपक्रम एक-दोन वर्षांत थकतो.

शिकागोच्या लोगन स्क्वेअरमध्ये १९९५ पासून आयांना थेट वर्गात आणलं गेलं. यांतल्या बऱ्याचजणी मेक्सिकोतून आलेल्या, इंग्रजी तोडकंमोडकं. रोज दोन तास त्या मुलांना वाचायला बसवतात. स्वतःचं मूल ज्या वर्गात आहे तो वर्ग सोडून. आठवड्याला प्रशिक्षण, ठरलेले तास भरले की थोडं मानधन. शाळेच्या फाटकाशी मुलाला सोडून परतणारी बाई वर्षभरात शाळेची भाषा शिकली, फळ्यासमोर बोलू लागली. काहीजणी पुढे कॉलेजात जाऊन द्विभाषिक शिक्षिका झाल्या, आणि या अनुभवातूनच वस्तीतल्या माणसांना शिक्षक बनवण्यासाठी इलिनॉय राज्याने २००४ मध्ये कायदा केला. त्याच शहरात १९८८ च्या कायद्याने प्रत्येक शाळेला निवडून आलेली परिषद मिळाली. तिच्यावर सहा पालक असतात, शिक्षक दोन. ही परिषद मुख्याध्यापकाची चार वर्षांची नेमणूक करते आणि शाळेचा अर्थसंकल्प मंजूर करते. कित्येक वस्त्यांत या जागा रिकाम्या राहतात, मतदान घसरलेलं आहे, हेही खरंच. तरी मुख्याध्यापकाला नेमणारी बाई आणि मुख्याध्यापकाच्या केबिनबाहेर ताटकळणारी बाई, या दोघींच्या आवाजात फरक असणारच.

आता तर स्थलांतरित आईबापांना फाटकापर्यंत येणंच अवघड झालं आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या १९८२ च्या प्लायलर निकालापासून कागदपत्रं नसलेल्या कुटुंबातल्या मुलालाही शाळेतून परत पाठवता येत नाही. पण जानेवारी २०२५ मध्ये केंद्राने शाळांसारख्या ठिकाणी स्थलांतरितांवर कारवाई न करण्याचं आधीचं धोरण मागे घेतलं. अनेक शाळांत आत जाताना ओळखपत्र दाखवावं लागतं. ज्याच्याकडे ते नाही, तो बाप पालकसभेला येईल कसा? मार्च २०२५ मध्ये केंद्रीय शिक्षण विभाग बंद करण्याच्या दिशेने पावलं टाकण्याचा आदेश निघाला, विभागातली जवळपास निम्मी माणसं कमी केली गेली. टायटल वनचा पैसा कायद्याने आहे, तो एका आदेशाने जात नाही. मला भीती १९८१ ची आहे. तेव्हाही पैसा गेला नव्हता. पालकांची खुर्ची तेवढी काढून घेतली गेली, आणि ती अर्धीमुर्धी परत मिळवायला तेरा वर्षं लागली.

महाराष्ट्रातल्या वाचकाला यात आपली शाळा व्यवस्थापन समिती दिसली असेल. शिक्षण हक्क कायद्याने, १ एप्रिल २०१० पासून, कागदावर आपण अमेरिकेच्या पुढे आहोत. समितीत तीन चतुर्थांश पालक, निम्म्या महिला, आणि कलम २२ प्रमाणे या समितीने केलेला शाळा विकास आराखडा हाच अनुदानाचा पाया. पण समितीतल्या एखाद्या आईला तो आराखडा मान्य नसेल तर तिचं म्हणणं त्यासोबत गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे जायलाच हवं, असं या कलमांत कुठेही नाही. इतिवृत्ताच्या वहीत मुख्याध्यापक लिहितील ते खरं, आणि वही सह्यांसाठी घरोघर फिरते हे खेड्यात कोणालाही विचारा. बैठकीला यायला पालकांना पडणाऱ्या खर्चाचा आणि त्यांना जमेल अशा वेळेचाही विचार त्यात नाही. अमेरिकेच्या कायद्यातून उचलण्यासारख्या या दोन गोष्टी आहेत, आणि दोन्ही शासन निर्णयाने करता येतील असं मला वाटतं.

तिसरी आपल्याच मातीतली. केंद्राच्या नमुना नियमांप्रमाणे हा आराखडा आर्थिक वर्ष संपण्याच्या किमान तीन महिने आधी तयार व्हायला हवा, म्हणजे डिसेंबरअखेर. बीड जिल्ह्यातल्या कितीतरी गावांत तेव्हा आईवडील गावात नसतातच. ऊसतोडीला गेलेले असतात, कारखान्याच्या तळावर, कोयता हातात घेऊन. ज्या शाळांतली निम्मी मुलं ऊसतोड कुटुंबांतली आहेत, तिथली आराखड्याची बैठक टोळ्या निघायच्या आत, सप्टेंबरात, संध्याकाळी सात वाजता घ्यावी.