आधी उडा, मग खरेदी करा!

नांदेडच्या धावपट्टीवरून टेकऑफ घ्यायचा, गोदावरी ओलांडायची, नैऋत्येचा रोख धरायचा आणि लातूरला उतरायचं. हवाई अंतर जेमतेम सव्वाशे किलोमीटर. सेसना १७२ सारख्या छोट्या विमानाला साधारण चाळीस मिनिटं. हा प्रवास आज होस्टेलच्या खोलीत बसूनही करता येतो. त्यासाठी घरचं सोयाबीन विकून गेमिंग कॉम्प्युटर घ्यायची गरज आहे का? बहुतेकांना नाही.

दोस्तांनो, सिम्युलेटर निवडताना पहिला प्रश्न ‘कोणता भारी?’ हा नाही. ‘मला तो कशासाठी हवाय?’ हा आहे. नुसती हौस असेल तर ‘जिओएफएस’ ब्राउझरमध्येच चालतो. थोडं खोलात शिरायचं असेल तर ‘फ्लाइटगिअर’ पूर्ण मोफत आहे आणि साध्या लॅपटॉपवरही बऱ्यापैकी चालतो. विमान हवेत कसं वागतं हे समजून घ्यायचंय? ‘एक्स-प्लेन’चा डेमो फुकट मिळतो, आधी तो वापरून बघा. खिडकीतून दिसणाऱ्या देखाव्याचं वेड असेल तर ‘मायक्रोसॉफ्ट फ्लाइट सिम्युलेटर’ला तोड नाही. पण २०२४ च्या आवृत्तीला किमान १६ जीबी रॅम लागते आणि तिचा बराचसा डेटा इंटरनेटवरून येत राहतो. आपल्याकडे लाइट आणि नेट यांचा भरवसा किती, ते तुम्हाला माहीतच आहे!

मग येतात उपकरणं. सुरुवात कीबोर्डवर करा. लातूरला सलग दहा वेळा धावपट्टीच्या मधल्या रेषेवर उतरता आलं आणि कीबोर्ड अपुरा वाटू लागला, की साधी जॉयस्टिक घ्या. एअरबसमध्ये वैमानिकाच्या बाजूला जॉयस्टिकसारखीच दांडी असते. सेसना आणि बोइंगमध्ये समोर स्टिअरिंगसारखा ‘योक’ असतो. ज्या विमानाची ओढ, त्याप्रमाणे ठरवा. पायाने चालवायचे रडर पेडल सगळ्यात शेवटी.

खरंच पायलट व्हायचंय त्यांनी एक गोष्ट पक्की लक्षात ठेवावी. कमर्शिअल लायसन्ससाठी २०० तासांचं उड्डाण लागतं आणि घरच्या सिम्युलेटरचा एकही तास त्यात धरला जात नाही. उलट, बाहेर न बघता काट्यांकडेच टक लावून बसायची सवय लागली, तर ती मोडताना प्रशिक्षकाच्या नाकी नऊ येतात. मात्र चेकलिस्ट, नकाशा, दिशा, रेडिओवरची भाषा हे सगळं घरी घोटून ठेवता येतं. प्रत्यक्ष प्रशिक्षणात प्रत्येक तासाला पैसे मोजावे लागतात, तेव्हा ही तयारी कामी येते.

म्हणून घरच्यांकडे पैसे मागण्याआधी महिनाभर फुकटातलं सिम्युलेटर वापरा. महिन्यानंतरही रोज कॉकपिटमध्ये बसावंसं वाटलं, तर तुमची मागणी हट्ट राहणार नाही. आणि कंटाळा आला, तर घरचे पैसे वाचले!