साधेपणाची प्रतिष्ठा

या स्मरणिकेसाठी लिहावयास बसलो, तेव्हा आम्हां माजी विद्यार्थ्यांच्या डोळ्यांपुढे सर्वप्रथम उभी राहिली ती वसतिगृहातील लोखंडी पेटी. दोन गणवेश, एक सतरंजी, एक चादर, ताट, वाटी, पेला, साबणाची डबी आणि वह्या-पुस्तके, एवढ्या सामानावर आम्ही देवळाली कॅम्पातील वर्षांमागून वर्षे काढली. पेटीत जागा मोजकी होती, म्हणून तिच्यात शिरणाऱ्या प्रत्येक वस्तूला काही ना काही काम होते. तुटलेली वस्तू टाकून देण्याची सोय नव्हती. ती सांधली जाई, शिवली जाई आणि पुन्हा वापरात येई. त्या वेळी आम्ही याला गरिबी म्हणत असू आणि मोठे झाल्यावर यातून सुटायचे, असे मनाशी ठरवीत असू.

आज मोठ्या शहरांतील महागड्या दुकानांत हाच कमीपणा ‘मिनिमलिझम’ या नावाने विकला जातो. नक्षी नसलेली खुर्ची, एका रंगाची पिशवी, टाकाऊ मालापासून केलेले पादत्राण यांना प्रतिष्ठा आहे आणि भरपूर किंमतही आहे. प्रश्न असा पडतो, की वस्तू तितक्याच साध्या असताना एके ठिकाणी साधेपणाची लाज वाटते आणि दुसऱ्या ठिकाणी त्याचा अभिमान वाटतो, हे कसे? आमच्या मते याचे उत्तर दोन गोष्टींत आहे. साधेपणा स्वतः निवडलेला आहे की माथी मारलेला आहे, ही पहिली. आणि वस्तू घडविणाऱ्या हाताला तिच्यावर स्वतःचे नाव घालता येते की नाही, ही दुसरी.

हे मत आम्ही एका उदाहरणाच्या आधारे मांडू इच्छितो. सुधीर राजभर हे मुंबईत वाढलेले, मूळच्या उत्तर प्रदेशातील कुटुंबातले चित्रकार. त्यांचे शिक्षण चित्रकलेचे. वस्तुरचना मात्र ते धारावीतील चामड्याच्या कारागिरांच्या शेजारी बसून शिकले. २०१५ साली महाराष्ट्रात गाईबरोबर बैल आणि वळू यांच्या कत्तलीवरही बंदी आली. धारावीतील चर्मोद्योगाला त्याचा मोठा फटका बसला. ज्या हातांत पिढ्यान्‌पिढ्यांचे कौशल्य होते, त्या हातांपुढील कच्चा मालच आटला. अशा वेळी राजभर यांनी विचार केला, की चामडे नसेल तर नसो, कापण्याचे, दुमडण्याचे आणि शिवण्याचे ज्ञान तर शिल्लक आहे. वापरून फेकलेल्या टायरांच्या रबरावर प्रक्रिया करून तयार केलेले पत्रे त्यांनी या कारागिरांच्या हाती दिले. त्या रबरातून पिशव्या घडू लागल्या. या उपक्रमाला त्यांनी नाव दिले ‘चमार स्टुडिओ’.

या पिशव्या पाहणाऱ्याच्या लक्षात प्रथम येतो तो त्यांचा नेटकेपणा. आकार सरळ, रंग बहुधा एकच, वरून लावलेली शोभा जवळजवळ नाही. रबराचा पत्रा चामड्यासारखा वागत नाही. त्याला चामड्याचा पोत नाही, चामड्याची ऊब नाही. म्हणून चामड्याची नक्कल करण्याच्या फंदात न पडता रबराला रबरच राहू दिले आहे. सामग्रीचा स्वभाव ओळखावा, तिला जे साधते तेवढेच करावे आणि तेथेच थांबावे, ही रचनाकाराची शिस्त होय. शोभा काढून घेतली की कापणीतली चूक झाकावयास काही उरत नाही. एक टाका वाकडा गेला तरी नजरेत भरतो. साधी वस्तू करणे सोपे असते, असे ज्यांना वाटते त्यांनी एकदा हातात रापी धरून पाहावी.

पिशवीनंतर खुर्च्या आल्या. डिसेंबर २०२४ मध्ये अमेरिकेतील ‘डिझाइन मायामी’ या नामांकित प्रदर्शनात राजभर यांच्या रबरी खुर्च्या मांडल्या गेल्या. आम्हांस मात्र या सर्वांहून मोलाची वाटते ती त्यांनी केलेली नावाची निवड. ‘चमार’ हा शब्द आपल्या देशात शिवीसारखा वापरला जातो. एखाद्याचा अपमान करण्याच्या हेतूने या शब्दाने हाक मारणे हा अत्याचार प्रतिबंधक कायद्याखाली गुन्हा ठरू शकतो, असे सर्वोच्च न्यायालयाने २००८ साली एका निकालात स्पष्ट केले आहे. तोच शब्द राजभर यांनी दुकानाच्या पाटीवर आणला. पिशवी विकत घेणाऱ्याला तो उच्चारावा लागतो, आणि तोही आदराने. चामडे कमावण्याची आणि शिवण्याची विद्या असलेला माणूस, हा या शब्दामागचा अर्थ त्याच्यापुढे येतो.

येथे आमच्या वाचकांपैकी अनेकांच्या मनात एक आक्षेप उभा राहील आणि तो रास्त आहे. बाबासाहेबांनी आपल्याला हलक्या ठरविलेल्या कामांतून बाहेर पडण्यास सांगितले. मेलेली जनावरे ओढणे सोडा, गावकीची वेठ सोडा, शिका, हा त्यांचा संदेश ऐकून आपल्या आजोबा-पणजोबांनी गावाचा रोष पत्करला. महार वतनाच्या जोखडाविरुद्ध बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबईच्या विधिमंडळात विधेयक मांडले. ती हलकी वतने कायद्याने संपुष्टात येण्यास १९५८ साल उजाडावे लागले. मग ज्या कामाच्या गंधापासून दूर जाण्यासाठी एवढा लढा दिला, त्याच्याच गौरवाचे लेख आपल्या शाळेच्या स्मरणिकेत का छापावेत? मुलांना पुन्हा तेथेच नेऊन बसवायचे आहे काय?

या आक्षेपाला आमचे उत्तर असे. जातिव्यवस्थेने कामांचीच नव्हे, तर काम करणाऱ्या माणसांचीही वाटणी केली, हे बाबासाहेबांनी १९३६ सालच्या ‘जातिनिर्मूलन’ या ग्रंथात दाखवून दिले. त्यांचा विरोध कौशल्याला नव्हता. जन्मावरून काम ठरणे, त्या कामाचा योग्य मोबदला न मिळणे आणि ते करणाऱ्याला माणूस न मानणे, याला होता. वेठीचे काम करणाऱ्याला नकार देता येत नव्हता, भाव ठरविता येत नव्हता, आणि वस्तू कितीही सुबक झाली तरी ती कोणी केली हे विचारले जात नव्हते. या तिन्ही गोष्टी उलट झाल्या, तर त्याच आरीने घातलेला टाका हा वेगळा टाका होतो. म्हणून कोणत्याही मुलाने जातीचा धंदा करावा, असे आम्ही म्हणत नाही. हाताने केलेल्या कामाकडे खालच्या नजरेने पाहण्याची जी सवय आपल्याला या व्यवस्थेकडून मिळाली, ती पदवीबरोबर पुढे नेऊ नये, एवढेच आमचे म्हणणे आहे.

नाव नसल्याने काय होते, याचा धडा आपल्या राज्याने अलीकडेच घेतला. कोल्हापुरी चप्पल ही कमी सामग्रीत टिकाऊ वस्तू कशी करावी याचा उत्तम नमुना आहे. बाभळीची साल आणि हिरडा यांनी कमावलेले चामडे, शिवणीसाठीही चामड्याचीच वादी; पारंपरिक चपलेत लोखंडी खिळा नसतो. झिजली तर तिच्यातले बहुतेक सारे मातीत परत जाऊ शकते. २०१९ साली या चपलेला भौगोलिक मानांकन मिळाले. तरीही जून २०२५ मध्ये इटलीतील प्राडा या कंपनीने मिलान येथे तिच्याच घाटाची पादत्राणे मंचावर आणली, तेव्हा प्रथम कोल्हापूरचे नाव घेतले गेले नाही. महाराष्ट्रातून आवाज उठल्यावर कंपनीने या चपलेचे ऋण मान्य केले. चप्पल तीच होती. वाद झाला तो नावावरून आणि नावाबरोबर येणाऱ्या मोबदल्यावरून. ही चप्पल पिढ्यान्‌पिढ्या घडविणाऱ्यांना आपण कधी रचनाकार म्हटले होते काय, हा प्रश्न मिलानला विचारण्याआधी आपण स्वतःला विचारावयास हवा.

बौद्ध परंपरेत वाढलेल्या आपल्या विद्यार्थ्यांना हा विचार परका वाटण्याचे कारण नाही. विनयपिटकात कथा आहे, की दक्षिणागिरीकडे जाताना भगवान बुद्धांनी बांधाबांधांनी विभागलेली मगधातील शेते पाहिली आणि तशा रचनेचे चीवर करता येईल काय, असे आनंदाला विचारले. आनंदाने तुकडे कापून, जोडून ते चीवर सिद्ध केले आणि तथागतांनी त्याच्या कुशलतेची प्रशंसा केली. पुढे कौशांबीच्या उदयन राजाने आनंदाला विचारले, की अंतःपुरातून मिळालेल्या पाचशे वस्त्रांचे तुम्ही करणार काय? आनंदाने उत्तर दिले: ज्यांची चीवरे जीर्ण झाली आहेत त्यांना ती वाटू, जुन्या चीवरांची पांघरणे करू, जुन्या पांघरणांच्या गादीच्या खोळी, जुन्या खोळींची जमिनीवरील अंथरणे, जुन्या अंथरणांची पायपुसणी, जुन्या पायपुसण्यांची झटकणी, आणि झटकणीही विरली की ती कुटून मातीत कालवून जमीन सारवू. काटकसरीचा एवढा पूर्ण आराखडा क्वचितच वाचावयास मिळतो. भिक्खूंनी हा साधेपणा स्वतः स्वीकारला होता, म्हणून राजापुढे तो सांगताना आनंदाची मान खाली गेली नाही.

आमची मान मात्र एकदा खाली गेली होती, आणि ते येथे लिहिणे आम्ही आमचे कर्तव्य समजतो. आमच्या तुकडीतील एका सोबत्याचे वडील चपला दुरुस्त करीत. महिन्यातून एकदा, पालकभेटीच्या रविवारी ते येत तेव्हा पिशवीत आरी, रापी आणि मेणवलेला दोरा असे. लेकाला भेटून झाले की ओट्यावर बसून ते आम्हां सर्वांच्या तुटक्या चपला शिवून देत, पेट्यांच्या कड्या बसवीत, दप्तराचे पट्टे जोडून देत. त्यांनी घातलेला टाका वर्षअखेरपर्यंत निघत नसे. एका रविवारी बाहेरून आलेल्या पाहुण्यांनी आमच्या सोबत्याला विचारले, “वडील काय करतात?” तो म्हणाला, “दुकानात नोकरीला आहेत.” वडील चार हातांवर बसले होते. त्यांनी ते ऐकले. हातातला टाका पुरा केला. मान वर केली नाही. आम्हां सर्वांच्या पायांत त्यांनीच शिवलेल्या चपला होत्या आणि आमच्यापैकी एकानेही तोंड उघडले नाही. तो मुलगा खोटे बोलला असे आम्ही आज म्हणणार नाही. खरे सांगता येईल, असे वातावरण आम्ही त्याला दिले नव्हते.

म्हणूनच विद्यालयाच्या व्यवस्थापनापुढे, पालकांपुढे आणि आमच्या माजी विद्यार्थी बंधु-भगिनींपुढे आम्ही तीन सूचना नम्रपणे ठेवतो.

पहिली, वसतिगृहात एक दुरुस्तीची खोली असावी. सुई-दोरा, आरी, पक्कड, पेचकस, करवत आणि एक भक्कम मेज, एवढ्यावर सुरुवात होऊ शकते. मुला-मुलींनी आपली चप्पल, दप्तर, छत्री, पेटीची कडी तेथे स्वतः दुरुस्त करावी. वस्तू उघडून पाहिल्याशिवाय ती कशी केली आहे हे कळत नाही, आणि ते कळल्याशिवाय ती अधिक चांगली कशी करता येईल हे सुचत नाही. कोणत्याही संस्थेत न शिकलेला रचनाकार बहुधा अशाच मेजावर शिकतो.

दुसरी, राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० ने सहावी ते आठवीच्या विद्यार्थ्यांसाठी दप्तराविना दहा दिवसांची कल्पना मांडली आहे. या दिवसांत मुलांनी सुतार, कुंभार, माळी यांसारख्या स्थानिक कारागिरांकडून काम शिकावे, अशी अपेक्षा आहे. देवळाली आणि नाशिक परिसरातील शिंपी, चर्मकार, बुरूड, सुतार यांना या दिवसांत शिक्षक म्हणून बोलवावे. त्यांना खुर्ची द्यावी, ‘सर’ आणि ‘मॅडम’ म्हणावे आणि इतर पाहुण्या व्याख्यात्यांना जे मानधन देतो तेच द्यावे. मानधनात फरक केला, तर मुले भाषण विसरतील आणि तो फरक लक्षात ठेवतील.

तिसरी सूचना आम्हां माजी विद्यार्थ्यांसाठीच आहे. देणगीच्या फरशीवर नाव कोरण्याची हौस आम्हांलाही आहे. त्याऐवजी आपण वर्षातून दोन दिवस आपले कौशल्य शाळेला द्यावे. आपल्यापैकी कोणी अभियंते आहेत, कोणी शिवणकाम करतात, कोणी लष्करी कार्यशाळेत यंत्रे सांभाळतात. दहावीच्या प्रत्येक विद्यार्थ्याने शाळा सोडण्यापूर्वी टाकाऊ मालातून एक उपयोगी वस्तू करावी, तिच्यावर स्वतःचे नाव घालावे आणि ती पुढच्या तुकडीच्या वापरासाठी ठेवून जावे. ती सुंदर असलीच पाहिजे असे नाही. ती टिकली पाहिजे आणि मोडली तर दुरुस्त करता आली पाहिजे.

यामुळे गुण कमी पडतील, अशी भीती काही पालकांना वाटेल. आपल्या मुलांनी डॉक्टर, वकील, अधिकारी व्हावे ही इच्छा आम्हांसही मान्य आहे. ती पुरी होण्यासाठीच हे विद्यालय उभे आहे. आठवड्यातील दोन तास हाताच्या कामाला दिल्याने ती इच्छा दूर जाणार नाही. उलट अधिकारी झालेला आपला विद्यार्थी उद्या एखाद्या कारागिराच्या अर्जावर सही करील, तेव्हा त्या अर्जामागील श्रमाची किंमत त्याला ठाऊक असेल.

आमच्या त्या सोबत्याचे वडील आता हयात नाहीत. त्यांची आरी त्याने जपून ठेवली आहे. दुरुस्तीची खोली सुरू झाली, तर पहिले अवजार म्हणून ती आरी देण्याचे त्याने कबूल केले आहे. आणि वडिलांचे नाव व त्यांचा व्यवसाय असे दोन्ही त्या खोलीच्या पाटीवर लिहावे, एवढीच त्याची अट आहे.