राज्यशास्त्राच्या पदवीधराचे कार्यक्षेत्र

राज्यशास्त्र घेऊन पदवीधर झालेल्या तरुणास पुढे काय करण्याचा बेत आहे असे विचारले, तर बहुधा ‘एम.पी.एस.सी. करतोय’ एवढेच उत्तर मिळते. आणि हे उत्तर देणारा मुलगा लातूरचा असो, बुलढाण्याचा असो वा सोलापूरचा असो, त्याची पुढली काही वर्षे पुण्याच्या सदाशिव पेठेतील एखाद्या खोलीत आणि नजीकच्या अभ्यासिकेत जाणार हे त्याच्या घरच्यांनीही गृहीत धरलेले असते. या परीक्षांची निंदा करण्याचा माझा हेतू नाही. केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या मुख्य परीक्षेत राज्यशास्त्र व आंतरराष्ट्रीय संबंध हा वैकल्पिक विषय घेता येतो, सामान्य अध्ययनाच्या दुसऱ्या प्रश्नपत्रिकेचा बराच भाग राज्यघटना आणि शासनव्यवहार यांवरच बेतलेला असतो, तेव्हा या विषयाच्या विद्यार्थ्याने तिकडे वळावे हे स्वाभाविकच होय. परंतु राज्य, सत्ता आणि नागरिक यांच्या परस्परसंबंधांचा विचार करणाऱ्या शास्त्राची सारी उपयुक्तता सरकारी हुद्दा मिळविण्याच्या तयारीत संपते असे मानणे, आणि जागा थोड्या व उमेदवार लाखांनी अशी स्थिती असता वयोमर्यादा उलटेपर्यंत त्याच दारात तिष्ठत राहणे, यात त्या तरुणांची आणि त्या शास्त्राची सारखीच हानी आहे असे मला वाटते.

दुसरा रूढ मार्ग अध्यापनाचा. एम.ए. व्हावे, सेट किंवा नेट उत्तीर्ण व्हावे, जमल्यास पीएच.डी. मिळवावी आणि मग तासिका तत्त्वावर, म्हणजे शिकविलेल्या तासांपुरत्या मोबदल्यावर, वर्षानुवर्षे राबावे हे आज कित्येक बुद्धिमान अध्यापकांचे प्राक्तन झाले आहे. महाविद्यालयांतील नियमित पदे भरली गेल्याखेरीज या मार्गाची भलावण करणे मला प्रामाणिकपणाचे वाटत नाही. वृत्तपत्रव्यवसाय आहे, वकिली आहे, स्वयंसेवी संस्था आहेत, निवडणुकांची सर्वेक्षणे आहेत. यांपैकी शेवटच्याविषयी थोडे सांगावयास हवे. दिल्लीच्या ‘लोकनीती’ने गेली तीन दशके जे निवडणूक-अध्ययन चालविले आहे, त्यात मतदाराच्या दारी जाऊन प्रश्नावली भरून घेणारे पुष्कळसे विद्यार्थीच असतात, आणि मतदार काय बोलतो व काय बोलण्याचे टाळतो याचे जे शिक्षण त्या ओसरीवर मिळते ते कोणत्याही क्रमिक पुस्तकात सापडावयाचे नाही.

तथापि मला आग्रहाने मांडावयाचे आहे ते याहून निराळे आहे. १९६१ च्या कायद्यान्वये १ मे १९६२ पासून महाराष्ट्रात जिल्हा परिषदा व पंचायत समित्या अस्तित्वात आल्या. आज राज्यात ३४ जिल्हा परिषदा, ३५१ पंचायत समित्या आणि अठ्ठावीस हजारांच्या आसपास ग्रामपंचायती आहेत. १९९२ च्या त्र्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने राज्यघटनेस अकरावी अनुसूची जोडली आणि पंचायतींकडे सोपविता येण्याजोगे २९ विषय तीत नमूद केले. पुढे वित्त आयोगाचा निधी थेट ग्रामपंचायतीच्या खात्यात जमा होऊ लागला. निम्म्या जागा स्त्रियांसाठी राखून ठेवण्यात आल्या. एवढा अधिकार, एवढा पैसा आणि एवढे नवे लोकप्रतिनिधी ज्या व्यवस्थेत एकत्र आले, तिच्यात कायद्याचे कलम, शासन निर्णयाचा मजकूर, विकास आराखडा आणि जमाखर्च वाचून त्यांचा अर्थ लोकप्रतिनिधीस समजावून सांगणारा माणूस मात्र कोणीच नेमला नाही. ग्रामसेवकाकडे कित्येकदा एकाहून अधिक गावांचा कारभार असतो, आणि तो काही झाले तरी प्रशासनाचा नोकर असतो; पहिल्यांदाच निवडून आलेल्या सरपंच बाईंनी ठरावाच्या मसुद्यावर सही करण्यापूर्वी ‘याने गावावर काय बंधन येते?’ हा प्रश्न कोणास विचारावा? घरच्या पुरुषास विचारावा लागतो, आणि मग कारभारही त्याच्याच हाती जातो.

असा जाणता माणूस गावाजवळ असला म्हणजे काय घडू शकते याचे उदाहरण गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा (लेखा) या गावाने घालून दिले आहे. तेथे ग्रामसभेच्या जोडीला अभ्यासगट होता. गावकरी आणि बाहेरून आलेले कार्यकर्ते एकत्र बसून कायदा वाचीत, त्यावर वाद घालीत, आणि मगच निर्णय ग्रामसभेत सर्वसंमतीने होई. २००६ च्या वनहक्क कायद्याखाली २००९ मध्ये या गावास सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. तरीही बांबूच्या वाहतुकीचा परवाना देण्यास वनखाते तयार होईना. कायद्यातील गौण वनोपजाच्या व्याख्येत बांबूचा उल्लेख स्पष्ट शब्दांत आहे, हे गावाने वाचलेले होते. त्या एका शब्दाच्या आधारावर ते ठाम राहिले, आणि २०११ मध्ये परवाने देण्याचा अधिकार ग्रामसभेकडे आला. राज्यशास्त्राच्या पदवीस याहून अधिक योग्य असे काम मला तरी दिसत नाही. आणि तरीही ते कोणाच्या वेतनपटावर नाही.

विधिमंडळाची स्थिती काही अंशी अशीच आहे. आमदारास स्वीय सहायक मिळतो, पण त्या सहायकाचा दिवस भेटीगाठींत आणि शिफारसपत्रांत सरतो. विधेयकाची छाननी करण्यास त्याला ना सवड असते ना तयारी. दिल्लीत पीआरएस या संस्थेने तरुण पदवीधरांना खासदारांचे अभ्यास-सहायक म्हणून वर्षभर काम देण्याचा उपक्रम २०१० पासून चालविला आहे. मुंबईतही २०१५ मध्ये मुख्यमंत्री फेलोशिप सुरू झाली, परंतु ती कार्यकारी सत्तेच्या बाजूस बसते. कार्यकारी सत्तेस प्रश्न विचारणाऱ्या सभासदाच्या बाजूस अशी जाणती व्यक्ती असणे मला अधिक निकडीचे वाटते.

राजकारणाचा अभ्यास ही पूर्णवेळ उपजीविका असावी, ही कल्पना आपल्याकडे परकी नाही. नामदार गोखल्यांनी १९०५ मध्ये पुण्यास भारत सेवक समाज स्थापिला तेव्हा नव्या सभासदाने पाच वर्षे उमेदवारी करावी, अध्ययन करावे, आणि समाजाने त्याच्या साध्या निर्वाहाची तजवीज करावी असा शिरस्ता घातला; अंदाजपत्रकावरील ज्या भाषणांनी गोखल्यांची कीर्ती झाली, त्यांच्यामागे आकडेवारीचे तसेच कठोर परिशीलन होते. डॉ. आंबेडकरांनी तर १९५६ मध्ये, आयुष्याच्या अखेरच्या वर्षी, राजकारणात प्रवेश करू इच्छिणाऱ्यांसाठी मुंबईत एक प्रशिक्षण विद्यालयच उघडले. या दोघांनी घातलेला पाया आपण सोडून दिला याची मला मनापासून खंत वाटते.

दोष महाविद्यालयांचाही आहे. ॲरिस्टॉटलने केलेले राज्यसंस्थांचे षड्विध वर्गीकरण आमचा विद्यार्थी न अडखळता सांगतो, आणि ते त्यास यावयासच हवे. पण स्वतःच्या जिल्हा परिषदेचे अंदाजपत्रक त्याने कधी हाती धरलेले नसते, आणि माहितीच्या अधिकाराचा एक अर्जही लिहिलेला नसतो. तिसऱ्या वर्षाचे एक सत्र त्याने पंचायत समितीच्या किंवा नगरपालिकेच्या दफ्तरात काढावे, इतिवृत्ते वाचावीत, एका योजनेचा पैसा मंजुरीपासून खर्चापर्यंत कसा गेला ते शोधावे, आणि त्याबद्दल त्यास गुण मिळावेत.

शासनाने आरंभी प्रत्येक पंचायत समितीमागे एक, असे ३५१ अभ्यास-सहायक तीन वर्षांच्या मुदतीने नेमावेत. निवड लेखी परीक्षेने व्हावी, वेतन शिक्षकाच्या वेतनाहून कमी नसावे, आणि तालुक्यातील सरपंच व सदस्य यांना ठराव, आराखडे व नियम समजावून सांगणे हेच त्यांचे काम असावे. मात्र ते गटविकास अधिकाऱ्याच्या हुकमतीखाली नसावेत. त्यांचा वार्षिक अहवाल पंचायत समितीच्या खुल्या सभेत मांडला जावा, आणि त्यांना मुदतवाढ द्यावी की नाही याचा निर्णय त्यांच्याकडून मदत घेणाऱ्या ग्रामपंचायतींच्या लेखी अभिप्रायावरून व्हावा.