नोंदी आपल्या, मग किल्ली दुसऱ्याकडे का?

२०२४च्या पावसाळ्यातला एक सोमवार. आमच्या समुपदेशन केंद्रातला संगणक सुरू झाला, पण केस-नोंदींचा कंटेनर काही केल्या उठेना. शनिवारी रात्री वीज तीनदा गेली होती, यूपीएसची बॅटरी कधीच दमली होती आणि हार्ड डिस्क तर देणगीत मिळालेली, जुनी. पडद्यावर एकच तक्रार : सुपरब्लॉक वाचता येत नाही. आत बायांनी हुंदके देत सांगितलेले जबाब, जखमांचे फोटो, २००५च्या कायद्याखाली भरलेले घरगुती घटना अहवाल. बुधवारी एका ताईंची कोर्टात तारीख होती.

ही तांत्रिक भानगड आपल्या अंकात कशाला, असे काही मैत्रिणी म्हणतील. आम्हीही इतकी वर्षे हेच म्हणत आलो.

कंटेनर म्हणजे वाड्यातले बिऱ्हाड. चूल वेगळी, कुलूप वेगळे, पण पाया आणि आढे साऱ्या वाड्याचे. म्हणजे लिनक्सचा गाभा सामाईक. त्या बिऱ्हाडाचा सारा संसार अनेकदा एकाच मोठ्या फाइलीत बांधलेला असतो. तिला डिस्क इमेज म्हणतात. गाठोड्याची गाठ बिघडली की आतले सामान शाबूत असूनही हाती लागत नाही.

नेहमी येणाऱ्या मुलाने फोनवर सांगितले, "दुरुस्तीची आज्ञा चालवा आणि विचारेल त्याला हो म्हणा." दुसऱ्याने डिस्क दुकानात द्यायला सांगितले. दोन्ही ऐकले नाही, हे बरे झाले. ती आज्ञा, एफएससीके, डिस्कवर लिहिते. मरू घातलेल्या डिस्कवर लिहायला लावले तर उरलेलेही जाते. आणि दुकानात द्यायचे म्हणजे प्रत्येकीचे नाव, पत्ता नि माहेरचा फोन नंबर अनोळखी टेबलावर ठेवायचा. एमएसडब्ल्यूला आम्हाला गोपनीयता शिकवली ती कपाटाच्या कुलपापर्यंतच.

शेवटी ओळखीची एक संगणक शिकवणारी मैत्रीण केंद्रात येऊन बसली आणि तिने आमच्याच हातून काम करून घेतले. आधी कंटेनर बंद. मग डीडीरेस्क्यूने पूर्ण इमेजची प्रत दुसऱ्या, चांगल्या डिस्कवर. हा प्रोग्राम खराब जागेपाशी अडून न बसता आधी वाचता येईल ते वाचून घेतो. पुढचे सगळे त्या प्रतीच्याही प्रतीवर. मूळ डिस्क काढून कपाटात.

एक्सटी-फोर पद्धतीत सुपरब्लॉकच्या जादा प्रती ठेवलेल्या असतात. चार केबीचे ब्लॉक असतील तर पहिली साधारणपणे ३२७६८व्या ब्लॉकवर, पुढची ९८३०४व्या. तपासणीला ती पहिली जागा दाखवली, आधी काही न लिहिता नुसते पाहिले, मग दुरुस्त केले आणि इमेज फक्त वाचण्यापुरती जोडली. बऱ्याच फाइली जागच्या जागी होत्या. काही 'लॉस्ट प्लस फाउंड' नावाच्या कप्प्यात पडल्या होत्या, नाव गेलेले, जागी नुसता आकडा. एकेक उघडून ओळखत बसलो. फाइल दिसली म्हणजे ती धड आहे असेही नाही. डेटाबेस वेगळा तपासावा लागला.

माझे म्हणणे साधे आहे. यंत्र आले की आपण दोन पावले मागे सरतो आणि एखादा भाऊ, एखादा स्वयंसेवक पुढे होतो. पासवर्ड त्याच्याकडे, बॅकअप घेतला की नाही तेही त्यालाच ठाऊक. आमच्याकडे बॅकअप होता, त्याच डिस्कवर! निधी देणाऱ्यांना संगणकाचा फोटो हवा असतो, दुसऱ्या डिस्कचा खर्च मात्र नको असतो. तरी मोठा दोष आमचाच. बॅकअप उघडून पाहण्याचा दिवस कधी ठरवलाच नव्हता. आता महिन्यातून एकदा दोघी मिळून तो दुसऱ्या यंत्रावर उघडतात. दर वेळी एक जुनी, एक नवी.

बुधवारच्या ताईंची फाइल मिळाली. दुसऱ्या एका ताईंच्या चार भेटींच्या नोंदी मिळाल्या नाहीत. मी त्यांच्या घरी जाऊन कबूल केले. त्या बराच वेळ गप्प बसल्या, मग म्हणाल्या, "म्हणजे ते सगळं परत सांगायचं?"